दुपारचे डायनासोर

आई पहिल्यांदा टीव्हीसमोर पाय पसरून बसली, तेव्हा वडिलांची वाचा गेलेली होती.

त्याआधीची तीसेक वर्षं घरातला टीव्ही वडिलांचा होता. आमचं घर मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडं. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, एवढंच. वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. शिफ्टवरून आले की बूट काढायच्या आत टीव्ही लावायचे आणि रिमोट शर्टाच्या खिशात ठेवून जेवायला बसायचे. बातम्या, कुस्त्या, क्रिकेट. आई ओट्यापाशी उभी राहून कान बाहेरच्या खोलीकडं ठेवायची. कधी काम आवरून ती उंबऱ्याशी टेकली, की वडील टीव्ही बंद करायचे. रागानं नाही, सावकाश, तिच्याकडं बघत. एकदा कसल्याशा विनोदी कार्यक्रमाला ती हसली. वडिलांनी आवाज बंद केला आणि म्हणाले, "हास अजून. तुझे दात बघायचेत मला." तेव्हापासून ती हसताना तोंडावर पदर धरायला लागली.

ते फार मारत नसत. मारायची गरज पडत नसे. भाजीत मीठ जास्त झालं तर ते तिला समोर बसवून सगळी भाजी एकटीला संपवायला लावत, आणि ती संपेपर्यंत पाण्याचा तांब्या स्वतःजवळ ठेवत. मी शाळेत असताना एक मांजर पाळलं होतं. ते त्यांच्या गादीवर झोपलं म्हणून त्यांनी त्याला पोत्यात घातलं, मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, पोतं माझ्या मांडीवर दिलं आणि रुळांच्या पलीकडं नेऊन माझ्याच हातानं ते सोडायला लावलं. परत येताना मला पेरू घेऊन दिला. मी तो खाल्ला की नाही, हे त्यांनी वळून पाहिलं.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी एका सकाळी दाढी करताना त्यांचा उजवा हात खाली पडला. आरशासमोरच ते कोसळले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती, तोंड वाकडं झालेलं होतं आणि बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला होता. नाय. भूक लागली तरी नाय, पोट भरलं तरी नाय, पाणी हवं असलं तरी नाय. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. आईनं हे नीट ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर मला पुन्हा विचारलं, "सगळं समजतंय म्हणले ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

बाथरूम जवळ पडावं म्हणून त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत टाकली. भाऊ पुण्याला असतो. तो चार दिवस राहून गेला. मी लग्न केलेलं नाही. मी शिक्षिका आहे, माझी सकाळची शाळा असते, दुपारी जेवायच्या वेळेला मी घरी येते. त्यामुळं वडिलांचं सगळं आई करायची आणि दुपारनंतर मी तिच्या हाताखाली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आईनं त्यांची सेवा उत्तम केली. रोज अंग पुसायची, दर थोड्या वेळानं कूस बदलायची, टाचांना तेल लावायची. नात्यातल्या बायका येऊन तिचे पाय धरायच्या राहिल्या होत्या. त्यांना जे दिसायचं ते खरंच होतं.

एके दिवशी मी शाळेतून आले तर आई वडिलांच्या कॉटला टेकून जमिनीवर बसलेली. पुढ्यात मेथीची जुडी, हातात रिमोट. टीव्हीवर हिंदीतून डायनासोर चालले होते. तो शिकारी डायनासोरांवरचा माहितीपट होता, बऱ्याच भागांचा. त्या वेळी पडद्यावर एक भलंमोठं जनावर झाडीत दडून उभं होतं, आणि समोरच्या माळावर लांब मानेच्या डायनासोरांचा कळप चरत होता.

"बस," आई म्हणाली. "आता हे त्या बारक्याला धरतंय बघ."

मी पर्स खांद्याला तशीच ठेवून बसले. ते जनावर झाडीतून निघालं. एवढं धूड, पण पहिली काही पावलं आवाजच नाही. मग कळप उधळला, धूळ उडाली, आणि मागं राहिलेलं पिल्लू एकटं दिसायला लागलं. शिकाऱ्यानं त्याला मानेला नाही धरलं, पाठीवर धरलं, आणि झटका दिला. हाड मोडल्याचा आवाज आमच्या खोलीत स्वच्छ ऐकू आला. निवेदक भारदस्त आवाजात सांगत होता की याचे दात केळ्याएवढे असायचे आणि हा हाडासकट मांस गिळायचा.

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली होती. तिचं तोंड उघडं होतं. मग ती हसली. पदर नाही, काही नाही. वरच्या बाजूचे दोन दात कधी पडले होते, ते मला तेव्हा कळलं.

"अगं, लई ताकद आहे त्याच्यात," ती म्हणाली. "परत लाव ना. मागं नेता येतं का?"

आमच्या सेट-टॉप बॉक्सला रेकॉर्ड करायची सोय होती. वडिलांनी ती फक्त मॅचसाठी वापरली होती. मी आईला बटणं दाखवली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल बटण आणि उलटा बाण तिनं एका दुपारीत पाठ केले.

तेव्हापासून रोज दुपारी आमच्याकडं डायनासोर असत. आईला त्यांची खरी नावं म्हणता येत नव्हती, म्हणून तिनं आपली ठेवली. टायरॅनोसॉरस झाला आखूडहात्या. डोक्यावर दोन शिंगं असलेला कार्नोटॉरस शिंगाड्या. पाण्यात उभा राहून मासे धरायचा तो मगरतोंड्या. नर्मदेच्या काठी सापडलेल्या एका शिकाऱ्याबद्दल अर्धा भाग होता, त्याला ती 'आपला' म्हणायची. "आज आपला आहे का?" असं मला दारातच विचारायची. टोळीनं शिकार करणारे, पायाला कोयत्यासारखी नखं असलेले लहान डायनासोर तिला सगळ्यात आवडायचे. ते मोठ्या जनावराच्या पाठीवर चढायचे आणि ते जिवंत असतानाच खायला लागायचे. आई पुढं सरकून बसायची. "बघ, त्याचं तोंड वळंना तिकडं," म्हणायची. "पाठीवर बसलेल्याला कसं चावणार?"

मलाही मजा यायची. पडद्यावर आमच्या घराहून मोठी जनावरं एकमेकांना फाडत होती आणि आम्ही दोघी भाजलेले शेंगदाणे खात, टरफलं ताटलीत टाकत बघत होतो. मी शाळेत सकाळभर मुलांना भांडू नका म्हणून सांगते. दुपारी घरी येऊन कोण कुणाला खातंय, याच्यावर आईशी पैज लावायचे.

वडिलांकडं आमचं लक्ष जरा उशिरा गेलं. ते आधी भिंतीकडं तोंड करायचे. एकदा किंकाळी फुटली तेव्हा कॉट हलल्यासारखी वाटली म्हणून आईनं मागं पाहिलं. वडिलांनी डोळे घट्ट मिटले होते आणि डाव्या हातानं चादर मुठीत धरली होती.

आई त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "ह्यांना रगत बघवत नाय. कोंबडं कापतानासुद्धा गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. मी विसरलेच होते."

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा कॉट फिरवलेली होती. आता उशी भिंतीच्या बाजूला आणि पाय टीव्हीकडं. पाठीमागं तक्क्या लावून तिनं त्यांना टेकवून बसवलं होतं. मान कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लहान उश्या खोचल्या होत्या.

"डॉक्टरनी बसवायला सांगितलंय," ती म्हणाली. ते खरं होतं.

"अहो, बघा," ती त्यांना म्हणाली, "आज शिंगाड्या आहे."

"नाय," वडील म्हणाले.

त्यांचं जेवणही तिनं त्याच वेळेवर आणलं. मऊ खिचडी, वरून तूप. पडद्यावर आतडी बाहेर आली की ती चमचा त्यांच्या ओठांजवळ धरायची. ते तोंड मिटून घ्यायचे. ती घाई करायची नाही. चमचा तसाच धरून शांतपणे टीव्ही बघत बसायची. "खा ना. गार होतंय." शेवटी भुकेनं ते तोंड उघडायचे. डोळे मिटून घास घ्यायचे, तर ती म्हणायची, "डोळे उघडा, ठसका लागंल." मी तिथंच बसलेली असायची. एकदा तिनं माझ्याकडं पाहिलं, मी काही म्हणते का म्हणून. मी रिमोट उचलला आणि आवाज थोडा वाढवला.

मग तो म्हाताऱ्या आखूडहात्याचा भाग लागला. एक म्हातारा टायरॅनोसॉरस, शिकारीत मांडीचं हाड मोडलेला. उठायला जातो आणि पडतो. निवेदक सांगत होता की एवढ्या वजनाचं जनावर एकदा पडलं की स्वतःच्याच भारानं मरायला लागतं. सुरुवातीला लहान शिकारी लांब उभे होते. त्याला ते अजून घाबरत होते. मग एक पुढं आला, शेपटीला तोंड लावून मागं पळाला. म्हातारा ओरडला, पण उठला नाही. मग दुसरा आला. मग सगळेच आले.

"बघा," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याशी बोलताना असतो तसा. "सगळं रान ह्याला भ्यायचं. आता ओरडतंय नुसतं. ओरडून काय होतंय?"

वडील रडायला लागले. पक्षाघातानंतर माणसाला रडू लवकर येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं आणि घशातून एक बारीक आवाज यायला लागला. आई उठली. पदराच्या टोकानं तिनं त्यांचे डोळे पुसले, नाक पुसलं, हनुवटीवरून ओघळलेली लाळ पुसली. डोक्यावरून हात फिरवून केस सारखे केले. मग खाली बसली आणि उलटा बाण दाबून तो भाग पहिल्यापासून लावला.

त्याच आठवड्यात जालन्याहून आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना ती देवासारखी मानायची, त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. दारातून आत आली तर समोर मगरतोंड्यानं एका पिल्लाचे दोन तुकडे केलेले.

"वहिनी, आजारी माणसापुढं हे काय लावलंय?" ती म्हणाली. "एखादं भजन लावा, कीर्तन लावा. त्यांच्या जिवाला बरं वाटंल."

"त्यांना हेच आवडतं," आई म्हणाली.

"दादाला? दादाला तर रगत चालत नव्हतं."

"विचारा की त्यांना."

आत्या कॉटवर बसली आणि तिनं वडिलांचा चांगला हात हातात घेतला. "दादा, बंद करू का हे?"

वडिलांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. ओठ हलले, जीभ इकडून तिकडं फिरली. सगळी ताकद लावून ते काय म्हणणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"नाय," ते म्हणाले. आणि मग जोरात, "नाय. नाय."

"बघा," आई म्हणाली. "बंद करू नका म्हणतात."

आत्यानं हात सोडला. वडील तिच्याकडं बघत नाय नाय म्हणत राहिले, आणि ती म्हणाली, "बरं दादा, बरं, नाही करत बंद." आईनं चहा टाकला. मी आत जाऊन स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून हसले, आणि वळून पाहिलं तर आई गॅससमोर उभी राहून तशीच हसत होती, खांदे हलवत, आवाज न करता.

हे असं चालू राहिलं असतं तर मला सांगण्यासारखं फार उरलं नसतं. पण पावसाळा संपता संपता वडिलांमध्ये फरक पडायला लागला. आधी त्यांनी डोळे मिटणं सोडलं. आम्हाला वाटलं, दमले, हरले. मग एका दुपारी टोळीवाले डायनासोर एका मादीच्या मागं लागले होते आणि मागून थप थप आवाज यायला लागला. आम्ही वळून पाहिलं. वडील डाव्या हातानं कॉटच्या फळीवर थापा मारत होते. डोळे पडद्यावर. तोंडाची चांगली बाजू वर ओढली गेली होती. शिकाऱ्यानं मादीला खाली पाडलं तेव्हा त्यांच्या तोंडातून हुंकार आला. कुस्तीत आपला पैलवान जिंकला की यायचा, तोच.

ते हसत होते.

आईनं तो भाग पुरा होऊ दिला. मग भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम म्हाताऱ्या आखूडहात्याचा भाग लावला. मला वाटतं तिला खात्री करून घ्यायची होती. म्हातारा पडला, लहान शिकारी आले. वडिलांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते त्या लहानांकडं बघत होते. एकानं पहिला लचका तोडला तेव्हा त्यांनी फळीवर थाप मारली. म्हातारं जनावर त्यांच्या लेखी आता कुणीच नव्हतं. पडलेल्याला खाणारे ते त्यांचे.

मग त्यांना दुपारची ओढच लागली. मी यायच्या आधीपासून ते टीव्हीकडं बघून नाय नाय करायचे. उशीर झाला तर हातानं उशी खाली ढकलायचे. जेवणही सुधारलं. घास भराभर घ्यायचे, नजर पडद्यावरून न हलवता. तब्येत भरायला लागली. बघायला आलेले लोक म्हणायचे, वहिनींच्या हाताला यश आहे. आई नुसती मान हलवायची. आता तीच मधूनमधून खिडकीबाहेर बघायला लागली होती. शेंगदाणे मी एकटीच खायचे.

एके दिवशी घरट्याचा भाग लागला. एक मादी आपल्या अंड्यांवर पंख पसरल्यासारखी बसून होती आणि शिकारी तिच्याभोवती फिरत होता. तिला पळून जाता येत होतं, पण ती उठत नव्हती. आई एकदम म्हणाली, "बंद कर."

मी रिमोट शोधायला लागले.

"नाय," वडील म्हणाले.

या नायमध्ये काही चाचपडणं नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा शब्द आणि त्यांचा अर्थ एक झाला होता. मी वळले. ते टीव्हीकडं बघत नव्हते, आईकडं बघत होते. उंबऱ्याशी टेकलेल्या बाईकडं बघत टीव्ही बंद करणारा माणूस त्या नजरेत पुरा बसलेला होता. आईचा हात नकळत तोंडापर्यंत गेला. मागं शिकाऱ्यानं मादीला घरट्यावरून ओढलं. वडील आईकडं बघतच हसले आणि फळीवर हात आपटला.

आईनं हात खाली घेतला. उठून मेन स्विच बंद केला.

सकाळी मी शाळेत गेले तेव्हा ती नेहमीसारखी त्यांची टाच चोळत होती. परत आले तर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन हत्यारं गोळा करून निघाला होता. टीव्ही आतल्या खोलीत गेला होता. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर चार भोकं आणि मागचा रंग न उडालेला चौकोन राहिला होता. वडील तक्क्याला टेकून त्या चौकोनासमोर बसले होते. त्यांच्या मानेजवळच्या उश्या जागच्या जागी होत्या, कपडे धुतलेले होते, भांग पाडलेला होता.

"आत ये," आई आतून म्हणाली. "आज टोळीवाले आहेत."

मी आत गेले. तिनं माझ्यासाठी उशी ठेवली होती. "दार लोटून घे. पण पुरं लावू नको. त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

तिनं आवाज नीट बेतून ठेवला होता. बाहेर किंकाळी पोचायची, धावणं पोचायचं, हाड मोडलेलं पोचायचं. कुणी कुणाला धरलं, हे कळायचं नाही. वडील बाहेरून ओरडायला लागले. नाय. नाय. नाय. मग फळीवर हात. आई शेंगदाणे सोलत होती. तिनं एक मला दिला, एक तोंडात टाकला.

"आता कसं," ती म्हणाली.

तासाभरानं ती बाहेर गेली, त्यांना पाणी पाजलं, कूस बदलली. जेवण आता दुपारी आधीच भरवून टाकायची, त्यांचं तोंड भिंतीकडं करून. ते कमी खायला लागले. दिवाळीनंतर त्यांना ताप आला, छातीत कफ भरला. डॉक्टर घरी येऊन गेले, सलाईन लावलं. आईनं ते चार-पाच दिवस टीव्ही लावला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आता त्यांना ऐकूच जात नाय. कशाला?"

एका सकाळी मी शाळेत असताना ते गेले. आई त्यांचं अंग पुसत होती. एक बाजू पुसून झाली, कूस वळवली आणि तिच्या लक्षात आलं. राहिलेली बाजूही तिनं पुसून घेतली आणि मग मला फोन केला.

आत्या पंधरा दिवस राहिली. खूप रडली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, वहिनीनं दादाला फुलासारखं जपलं, अंगावर एक जखम होऊ दिली नाही. आई खाली मान घालून बसायची. आत्या गेल्यावर मी आईला विचारलं, तुला त्या दुपारच्या टीव्हीचं काही वाटतं का. ती तांदूळ निवडत होती.

"मी त्यांना उपाशी ठेवलं का?"

"नाही."

"घाणीत ठेवलं का?"

"नाही."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"ते भ्यायचे ना, तवा मला लई बरं वाटायचं," ती म्हणाली. "हसायला लागले तेवढं सोसलं नाय."

मी तिला सांगितलं, समुद्रातल्या शिकाऱ्यांची नवी मालिका सुरू होतेय, देवमाशाएवढे सरडे असतात म्हणे त्यात.

"कधी लागतंय?" तिनं विचारलं, आणि ताट बाजूला ठेवून हात झटकले.